आयुष्यात एकदाच

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी फिरून घरी आलो, तर आमच्या दिवाणखान्यात भिंतीला पाठ टेकून माझी नात बसलेली आणि तिची आजी शिवणकामाची टेप घेऊन तिची मापं घेत असलेली. मला वाटलं, लग्नसराईचे कपडे शिवायचे असतील. पण मापं निराळीच होती. बसल्यावरची उंची, भिंतीपासून टाचेपर्यंत पाय, भिंतीपासून गुडघ्यापर्यंत मांडी. एकेक आकडा नात वहीत उतरवून घेत होती आणि शेजारच्या कागदाशी ताडून पाहत होती.

हवाई दलात वैमानिक व्हायचं तर उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ आणि मांडी ६४ पेक्षा जास्त लांब चालत नाही. यात रुबाबाचा प्रश्न नाही. पाय आखूड असला तर विमानाच्या पेडलपर्यंत पोहोचत नाही, आणि मांडी फार लांब असली तर संकटात खुर्चीसह बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या फळीवर आपटतात. आजीने शेवटचा आकडा वाचला, नातीने वहीत बरोबरची खूण केली आणि दोघींनी एकमेकींना टाळी दिली.

माझ्या पिढीतल्या माणसाला हे दृश्य पाहून गंमत वाटावी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीवरून आम्ही पुणेकर पानशेतच्या सहलीला जात आलो. पण त्या फाटकातून मुलगी कॅडेट म्हणून आत जाईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशपरीक्षेचं दार मुलींना उघडून दिलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तिथून शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. माझी नात लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली होती. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० अशा ९०० गुणांची ती परीक्षा. पुढे तितक्याच गुणांची निवड मंडळाची मुलाखत, आणि ज्याला विमान उडवायचं आहे त्याला आणखी एक चाचणी. वैमानिक होण्याची उपजत योग्यता पाहणारी.

ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर सैन्यदलाच्या बाकीच्या वाटा मोकळ्या राहतात. वैमानिक होण्याची वाट मात्र कायमची बंद. बारावीला पुन्हा बसता येतं. बँकेच्या परीक्षेला मी स्वतः दोनदा बसलो. इथे ती सोय नाही. कारण ही चाचणी अभ्यास मोजत नाही, घडण मोजते. वारंवार देऊन हात बसला, तर मोजलं काय जाणार, सराव की घडण?

हे मला कसं ठाऊक? कारण ती चाचणी मी दिली आहे. १९७९ साली, मैसूरला.

त्या काळी संगणक नव्हते, यंत्रं होती. आता सगळं संगणकावर आलं आहे, पण चाचणीचा गाभा तोच आहे. पहिला भाग कागदावरचा. विमानातल्या तबकड्या समजावून सांगतात: उंची दाखवणारी, वेग दाखवणारी, दिशा दाखवणारी, विमान चढतंय की उतरतंय ते सांगणारी. मग तबकड्यांची चित्रं देऊन विचारतात, विमान या क्षणी काय करतं आहे? उंचीची तबकडी घड्याळासारखी असते. मोठा काटा शेकड्यांचे फूट दाखवतो, लहान काटा हजारांचे. सगळ्यांत फसवं म्हणजे कृत्रिम क्षितिज. त्यात विमानाची खूण स्थिर असते आणि क्षितिजाची रेघ कलते. डावीकडे मान कलवून खिडकीबाहेर पाहा. समोरची गच्ची उजवीकडे झुकल्यासारखी वाटेल. कललेले आपण असतो, गच्ची नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्मी लढाई जिंकली. हा भाग शिकून येतो. मी त्यात पास होतो, असं आजही मला वाटतं.

दुसरा भाग यंत्रावरचा. समोर पडदा, पडद्यावर एक चौकोन आणि सतत निसटणारा एक ठिपका. उजव्या हातातल्या दांडीने ठिपका वरखाली करायचा, पायांखालच्या पेडलनी तो डावी-उजवीकडे न्यायचा आणि चौकोनातच ठेवायचा. मध्येच लाल दिवे लागतात, कानात भोंगा वाजतो. ते डाव्या हाताने बंद करायचे. तिसऱ्या भागात वरून खाली सरकत येणारी एक वेडीवाकडी वाट असते आणि दांडीने काटा तिच्यावर ठेवायचा असतो. सरावाच्या काही फेऱ्या देतात, मग गुणांच्या.

माझं काय झालं ते सांगतो. ठिपका जरा उजवीकडे सरकला की मी घाबरून पेडल जोरात दाबायचो. तो सुसाट डावीकडे जायचा. त्याला परत आणायला त्याहून जोर. दोन मिनिटांत मी ठिपक्याशी नव्हे, स्वतःच्याच चुकांशी झटत होतो. मग दात-ओठ खाऊन सगळं लक्ष ठिपक्यावर एकवटलं आणि तो चौकोनात आला. मी खूश! तेवढ्यात जाणवलं की कानात भोंगा वाजतो आहे आणि तो केव्हापासून वाजतो आहे ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी पास झालेल्यांची यादी वाचली. त्यात मी नव्हतो. रात्रीच्या गाडीत बसलो.

दोन गाड्या बदलून साताऱ्याला पोहोचेपर्यंत माझं एक वाक्य तयार झालं होतं. ‘डोळ्यांत दोष निघाला.’ डोळ्यांचा दोष देवाने दिलेला. त्यात मुलाचा काय अपराध? हात-पाय-डोकं एका वेळी चालत नाहीत, हे सांगायला मात्र जीभ उचलेना. आई हळहळली. शेजारपाजारच्यांनी गाजर खायला सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. ते कचेरीत हेडक्लार्क होते. न बोलणं हा त्यांचा स्वभावच होता.

आठवड्याने ते मला चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. मी फळ्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मुद्दाम चुकावं, हेही सुचलं नाही. चष्मेवाला हसून म्हणाला, “रावसाहेब, याला कशाला आणलंत? मला दिसत नाही ते याला दिसतंय.” वडिलांनी पैसे दिले. वाटेत आम्ही उसाचा रस प्यायलो. घरी आल्यावर आईने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “डोळ्यांना विश्रांती द्या म्हणालेत.”

त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मी बँकेत लागलो, अधिकारी झालो, कादंबऱ्या लिहिल्या. १९९४ मध्ये वडील गेले. माझ्यासाठी ते एक खोटं बोलले होते, आणि मी त्यांना पंधरा वर्षांत खरं सांगितलं नव्हतं. अजूनही कधी रात्री जाग आली, तर मला तो उसाचा रस आठवतो.

‘आबांचं विमान डोळ्यांमुळे राहिलं’ ही आमच्या घरातली दंतकथा झाली. ती मोडली नातीने. वैद्यकीय निकषांचा कागद वाचता वाचता ती एकदम म्हणाली, “आबा, पण तुम्हाला चष्मा तर चाळिशीत लागला ना? मग तेव्हा काय होतं?” सेहेचाळीस वर्षांत हा साधा हिशेब कुणी मांडला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. यादी, गाडी, चष्मेवाला, रस. स्वयंपाकघरातून आजीही बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

नात थोडा वेळ गप्प बसली. मग तिने एकच विचारलं, “भोंगा खरंच ऐकू आला नाही?”

नाही ऐकू आला. आणि त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. बँकेत वर्षअखेरीला एका रुपयाचा फरक लागत नसला की रात्री अकरापर्यंत खातेवह्या उलगडून तो शोधणारा मीच असायचो. तेव्हाही फोन वाजून वाजून बंद व्हायचा आणि मला पत्ता नसायचा. कादंबरी लिहिताना दूध उतू गेलेलं मला कळत नाही. ज्या सवयीने मला विमानाबाहेर ठेवलं, तिनेच माझं पोट भरलं. त्या यंत्राने माझं काहीही चुकीचं मोजलं नव्हतं. चूक एवढीच झाली की एका तबकडीवरचा आकडा मी सगळ्या आयुष्याचा आकडा समजलो.

या चाचण्या म्हणजे थोतांड, असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अशा चाचण्या बसवल्या गेल्या. १९४३ मध्ये त्यांची परीक्षाच घेतली गेली. हजाराहून अधिक तरुणांना, गुण कितीही कमी असोत, प्रशिक्षणात घेतलं. ज्यांचे गुण सर्वांत कमी होते, ते जवळजवळ सगळे प्रशिक्षणातून गळाले. मला परत पाठवणाऱ्यांनी कदाचित माझा जीवही वाचवला असेल.

आणि नापास होणाऱ्यांच्या रांगेत मी काही हलक्या सोबतीत नाही. १९५८ मध्ये डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी पंचवीस जण गेले होते, जागा आठ. नववा आलेला तरुण खिन्न होऊन ऋषिकेशला गेला. त्याचं नाव अब्दुल कलाम. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती म्हणून त्यांनी आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केलं, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. मी त्या दिवशी बँकेच्या गच्चीवर जाऊन आभाळाकडे पाहत होतो. काही दिसलं नाही, पण बरं वाटलं.

पुढचे दोन महिने आमच्या घरी तयारी चालली. तबकड्या मी तिच्याकडून करवून घेतल्या. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवून आम्ही उंची वाचायचो. ती टेबल टेनिस खेळायची, सायकल चालवायची. माझ्या अनुभवातून मी दोनच गोष्टी सांगितल्या. ठिपका निसटला तर हलक्या हाताने परत आण. जोर लावलास की तो दुसरीकडे पळतो. आणि आदल्या रात्री झोप. तिच्या आईला मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली. ‘तयारी झाली का’ हे दिवसातून एकदाच विचारायचं.

परवा रात्री तिला डेहराडूनच्या गाडीत बसवून आलो. गाडी सुटायच्या आधी ती खिडकीशी वाकून म्हणाली, “आबा, नाही जमलं तर डोळ्यांचं सांगू का?” आणि खळखळून हसली. मीही हसलो. मग तिला म्हटलं, जे होईल ते फोनवर जसंच्या तसं सांग. पास तर पास, नापास तर नापास. शब्द शोधत दोन गाड्या बदलू नकोस.

हे तुम्ही वाचत असाल तेव्हा तिची चाचणी कदाचित होऊन गेली असेल. मी फोनजवळच बसलो आहे. या खेपेला घंटा ऐकू येईल.