पुनर्लेखनाची प्रेरणा कोठून यावी?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली, ही हकीगत आपल्या शाळा-महाविद्यालयांतून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कौतुक योग्यच आहे. परंतु होतकरू लेखक त्यातून जो अर्थ काढतात तो मात्र घातक आहे. अस्सल लेखन एकटाकी उतरते आणि ज्याला खाडाखोड करावी लागते त्याच्यापाशी प्रतिभा नाही, असा तो अर्थ. वस्तुतः गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालय सांभाळताना मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतः लिहीत होते. ज्याला रोज मुलांपुढे उभे राहावे लागते त्याला कोणते वाक्य पोहोचले आणि कोणते वाऱ्यावर गेले, हे समोरच्या चेहऱ्यांवर तत्काळ वाचता येते. त्या पाच दिवसांच्या मागे ही सहा वर्षे उभी होती. तुरुंगात जे कागदावर उतरले ते पहिले लेखन नव्हते, असेच मला वाटते.

खानदेशात याहूनही जुना दाखला आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी सोपानदेवांनी व एका आप्ताने टिपून ठेवली, आणि १९५१ मध्ये त्या निवर्तल्यानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्याचा मसुदा उरत नाही. त्यातला शब्द खुडायचा तो जिभेवरच. आपण मात्र पुनर्लेखन म्हणजे टेबलाशी बसून करावयाचे काम समजतो. शुद्धलेखनाचे नियम आणि शब्दकोश जवळ घ्यावा, ऱ्हस्व-दीर्घ पाहावे, 'केलं'चे 'केले' करावे की झाले!

मीही तसेच समजत होतो. त्याची किंमत दुसऱ्याने भरली, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन माझ्याकडे होते. अक्राणीकडच्या एका विद्यार्थ्याने आपल्या घरची गोष्ट लिहून दिली. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि आजीपाशी राहिलेला मुलगा उन्हाळ्याची वाट पाहतो, एवढेच कथानक. त्यात एक वाक्य होते : 'त्या वर्षी मुकादमाने आमच्या घरातून एक कोयता उचलला.' मला ते सदोष वाटले. मुकादम कोयता कशाला उचलील? मी तांबड्या शाईने सुधारणा केली : 'त्या वर्षी आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला गेले.' आणखीही पुष्कळ सुधारले. घरच्या बोलीतले शब्द काढून प्रमाण मराठीतले घातले, शेवटी माझ्या पदरची दोन करुण वाक्ये जोडली. वार्षिक छापून आले. मुलाने अंक घेतला, आपले नाव पाहिले, 'येतो सर' म्हणाला. पुढे दोन वर्षे तो महाविद्यालयात होता. पुन्हा त्याने काही लिहून दिले नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत शहाद्याला बसची वाट पाहत उभा होतो. जवळच एक ट्रक भरत होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे. मुकादम वही घेऊन मोजत होता आणि ड्रायव्हरला सांगत होता, "अकरा कोयते भरले, दोन यायचे आहेत." मी ट्रककडे पाहिले. त्यात माणसे होती. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दिली जाते ती कोयत्यामागे. त्या मुलाच्या वाक्यात त्याचे आईवडील मिळून एक हत्यार झाले होते, आणि उचल घेतल्यामुळे ते उचललेही गेले होते. संपूर्ण कथा त्या एका वाक्यात होती, आणि तेच मी खोडले होते.

मी अर्थशास्त्र शिकवतो. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोली भागातील ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. त्यांत खानदेशातून जाणारे आपले लोकही होते. हंगामी स्थलांतरावर मी वर्गात तासच्या तास बोललो आहे. तरीही तो शब्द मला कळण्यासाठी बसस्थानकावर ताटकळावे लागले.

तेव्हापासून मी स्वतःचे लेखन टेबलावर तपासणे कमी केले आहे. नंदुरबारात मिरचीच्या हंगामात गावाबाहेर पथाऱ्या पडतात. त्यांवर एक ललित टिपण लिहिताना मी 'लाल गालिचा' असे लिहिले होते. (ही उपमा आमच्याकडे दर हिवाळ्यात कोणी ना कोणी वापरतोच.) दुसऱ्या दिवशी पथारीवर गेलो. देठ खुडणाऱ्या एका मावशींना सहज विचारले, तर त्या तोंडावरचा पदर न काढताच म्हणाल्या की गालिच्यावर बसून हात भगभगतात का, गुरुजी? गालिचा गेला. त्या जागी काही आले नाही. टिपण तेवढ्याने आखूड झाले. ओली मिरची वाळताना वजनाने तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, तेव्हा तक्रार करण्याचे कारण नव्हते.

माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध १७९८ मध्ये निनावी निघाला, तो बराचसा तर्कावर रचलेला. पुढल्याच वर्षी ते नॉर्वे-स्वीडनकडे प्रवासाला गेले, पाहिलेले टिपत राहिले, आणि १८०३ ची आवृत्ती इतकी बदलली की ते जवळजवळ वेगळेच पुस्तक झाले. निष्कर्ष पटोत वा न पटोत, पुनर्लेखनासाठी आधी घराबाहेर पडावे लागते हे त्यांना उमगले होते.

प्रश्न नुसत्या शैलीचा नाही. शहादा परिसरातले कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला. आपले जगणे आपल्याच शब्दांत मांडणारा आदिवासी कवी याच जिल्ह्याच्या मातीत उभा राहिलेला असताना आम्ही शिक्षक मात्र तांबडी शाई घेऊन मुलांचे शब्द 'सुधारीत' होतो. व्याकरण शिकवू नये असे मी म्हणत नाही. नोकरीच्या अर्जात ते लागतेच. पण कथेतला शब्द अनोळखी वाटला तर चूक लेखकाची की संपादकाच्या अज्ञानाची, हे विचारून घ्यायला दोन मिनिटे पुरतात. मी ती दोन मिनिटे वाचवली.

यंदाच्या वार्षिकाचे लेख सध्या माझ्या टेबलावर आहेत. धडगावच्या एका विद्यार्थिनीने कैऱ्या सोलून आमचूर वाळवण्यावर लिहिले आहे. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द आहे, तो मला ठाऊक नाही आणि कोशातही नाही. त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आहे. सोमवारी ती तासाला येईल तेव्हा विचारायचे आहे.