नदीकाठचे दात

आम्हां वाडीकरांना तोफगोळ्यांचे अप्रूप नाही. शेजारीच अंबाझरीचा १९६६ सालचा आयुध कारखाना. ह्यांची सारी नोकरी तिथलीच. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडात गेलो. तिने मोठ्या हौसेने वे नदीकाठचा वेव्हर्लीचा ११२८ सालचा पडका मठ दाखवायला नेले, तर हे मठाकडे पाठ करून भलतेच काही न्याहाळत उभे!

गवतात सिमेंटचे शंकू ओळीने उभे होते. राक्षसाची कवळीच जणू. १९४० च्या जूनमध्ये इंग्रजांची फौज तोफा-रणगाडे फ्रान्समध्येच टाकून डंकर्कहून परतली. आता जर्मन रणगाडे येणार, या धास्तीने लंडनच्या रक्षणासाठी ही फळी घाईघाईने बांधली गेली. नदी हाच खंदक. जिथे ती ओलांडता येईल तिथे हे दात. रणगाडा त्यांवर चढला की अडकतो, पोट उघडे पडते, आणि जवळच्या बुटक्या सिमेंटच्या चौकीतून त्यावर नेम धरायचा.

जर्मन आलेच नाहीत. आता त्या दातांवर शेवाळ आहे, आणि त्या दिवशी आमचा नातूही होता.

"अहो, केवढा खर्च वाया!" मी म्हटले.

हे गप्प. १९९९ साली दूरदर्शनवर कारगिलच्या तोफा धडाडल्या, की ह्यांचा घास ताटातच राहायचा. जरा वेळाने एका शंकूवर हात फिरवून म्हणाले, "आमचाही माल असाच पडून राहिला असता तर..."

तेवढ्यात नातवाने वरून उडी मारली.