जेपेग फोटो झिजतो कधी?

जेपेग फोटो नुसता उघडून पाहिला तरी थोडाथोडा खराब होतो, असा समज बराच पसरला आहे. तसं होत नाही.

1992 साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे (चित्राचा सर्वांत लहान ठिपका) चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून फाइल लहान करतात. ही गाळणी फक्त सेव्ह करताना लागते.

कागद शंभरदा वाचला तरी अक्षर पुसट होत नाही; झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की होतं. तसंच इथे. आजीचा जुना फोटो स्कॅन केला, डाग काढून सेव्ह केला, दुसऱ्या दिवशी कडा कापून कमी क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केला, की नऊवारीच्या काठाशी चौकोनी ठिगळं दिसू लागतात. पेन ड्राइव्हवर कॉपी केल्याने मात्र काहीही बिघडत नाही.

असा फोटो पीएनजीत (काहीही न गाळता साठवणारा प्रकार) बदलला तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. म्हणून स्कॅन करतानाच मूळ प्रत पीएनजीत किंवा टिफमध्ये (तसाच दुसरा प्रकार) ठेवावी. मोबाइलचा मूळ जेपेग आहे तसाच जपावा आणि काटछाट त्याच्या कॉपीवर करावी.