दोन काठ्या लावल्या अन् झोळीत पाय पसरले!

पावसाळी ट्रेक, दोन झाडांना बांधलेला हॅमॉक, वर ताडपत्री. फोटो एकदम भारी येतो! पण मध्यरात्री वारा सुटला आणि ओली ताडपत्री थापकन गालावर बसली की? मागच्या जुलैत माझं अगदी हेच झालं.

१२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. त्या वाटेवर दर जुलैत ट्रेक निघतात. आमचं कोडोली पन्हाळा तालुक्यातलंच, म्हणजे ट्रेक घरचाच. मसाई पठारावर झाडं शोधावी लागतात, म्हणून आम्ही पठाराखालच्या झाडीत मुक्काम केला. मी भिजून घरी आले ते ताप घेऊनच. आईनं निकाल दिला, "आता रात्रीचं भायेर ऱ्हाणं बंद. आधी परसात कोरडी झोपून दाखव."

मग चुलतभाऊ टेप घेऊन आला. दहा बाय दहा फुटी ताडपत्री दोरीवर टाकली की दोन्हीकडं पाच-पाच फुटांचा उतार. ४५ अंशात ताणली तर खालच्या कडेला सात फूट रुंदी मिळते. पण जसजसं वर जावं तशी ती कमी होते. त्यात झोळीत पाठ सपाट राहावी म्हणून आपण तिरकं झोपतो. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. नेमकं तिथंच कापड टेकतं. वाऱ्यानं ते आत फुगलं की संपलंच!

उपाय मात्र रोज डोळ्यांसमोर होता. वारणा भागात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. काहींना वाकवलेल्या बांबूच्या कमानी असतात, वर ताडपत्री, आत बाळाची झोळी. कमानीमुळं कापड खांद्यापाशी आत येत नाही. आपण हौसेनं एक रात्र काढतो, ती माणसं अख्खा हंगाम काढतात. त्यांचं छप्पर शिकण्यासारखं असणारच.

आम्ही मोडक्या तंबूच्या दोन फायबर काठ्या घेतल्या. एक डोक्याकडं, एक पायाकडं, मधल्या दोरीखालून आडव्या वाकवून बसवल्या. काठी सरळ व्हायला बघते, त्यामुळं दोन्हीकडचं कापड बाहेर ढकललं जातं. जिथं सव्वाचार फूट रुंदी होती, तिथं पाच झाली. आणि वाऱ्यानं कापड आत येईना!

पण छप्पर रुंद झालं की वाराही जास्त धरतं. इथं जोतिबाची सासनकाठी आठवा. एवढी उंच काठी तोलली जाते ती चारी बाजूंनी ओढून धरलेल्या दोऱ्यांवर. एक दोरी सैल पडली की काठी कलली! इथंही तसंच. चारही कोपरे खुंट्यांना घट्ट ताणलेले हवेत.

करून बघायचंय?

• ताडपत्रीला भोक पाडू नका. बाहेरून गुळगुळीत गोटा ठेवा, कापडासकट आतून सुतळीनं आवळा आणि त्या गाठीला काठीचं टोक बांधा.
• काठी दोन गाठींमधल्या कापडाइतकी किंवा बोटभर कमी घ्या. लांब घेतलीत तर कापड फाटेल. टोकांना रबरी बूच लावा.
• झोळीच्या पट्ट्याला झाडाच्या बाजूला सुतळीचा तुकडा लोंबता बांधा. पाणी तिथूनच खाली टपकेल.
• झाड जाड आणि जिवंत हवं. बांधायला बारीक दोरी नको, रुंद पट्टा घ्या. साल सोलत नाही.
• विजा चमकत असतील तर उघडं पठार आणि एकटं झाड दोन्ही टाळा. गावात आसरा घ्या.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी परसातल्या दोन आंब्यांना झोळी बांधली. रात्रभर पाऊस, पहाटे वारा. सकाळी आई आली ती थेट पांघरूण चाचपायलाच. पांघरूण कोरडं, मोजे कोरडे. फक्त उशीचं टोक ओलं, कारण डोक्याकडच्या पट्ट्याला सुतळी बांधायला मी विसरले होते.

आईनं ते टोक बोटांनी पिळून दाखवलं. मग म्हणाली, "बरं, पन्हाळ्यापत्तोर जा. म्होरचं म्होरं बघू."