निळा डाग

जुन्या विमानाच्या पंखाखाली वाकून पाहिलं की कधीकधी पत्र्याच्या जोडापाशी एक फिकट निळा डाग दिसतो. रुपयाच्या नाण्याएवढा. बोट लावलं तर ओलं लागत नाही, वासही जवळपास गेलेला असतो. पेट्रोल उडून गेलेलं असतं, त्यातला रंग तेवढा मागे राहिलेला असतो. हलक्या विमानांच्या पिस्टन इंजिनांना लागणारं '१०० एलएल' जातीचं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवतात, दुसऱ्या इंधनाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून. पूर्वी ८०/८७ जातीचं पेट्रोल तांबडं असे आणि १००/१३० हिरवं. हा रंग गळती पकडण्यासाठी दिलेला नाही. तरी जुनं विमान सांभाळणाऱ्या मेकॅनिकला त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार दुसरा मिळत नाही.

हा डाग मोजायची रीत ठरलेली आहे. जागा कोरडी पुसायची आणि घड्याळ लावून ३० मिनिटं थांबायचं. एवढ्या वेळात ओल पाऊण इंचाच्या आत राहिली तर तो नुसता डाग. दीड इंचापर्यंत गेली तर पाझर, चार इंचांपर्यंत पसरली तर मोठा पाझर. पत्र्यावरून ओघळ सुटला किंवा थेंब पडू लागला तर ती वाहती गळती, आणि विमान जागचं हलवायचं नाही. उघड्या हवेतल्या किरकोळ डागावर नुसतं लक्ष ठेवलं तरी काही काळ भागतं. बंदिस्त जागेत मात्र आकार बघत बसायचं नाही. तिथे वाफ कोंडते, म्हणून पाझर कितीही बारीक असला तरी दुरुस्तीशिवाय उड्डाण नाही.

जुन्या हलक्या विमानांत ही बंदिस्त जागा बऱ्याचदा वैमानिकाच्या गुडघ्यांसमोरच असते. अमेरिकेच्या पायपर जे-३ कबची १२ गॅलनची, म्हणजे सुमारे ४५ लिटरची टाकी इंजिन आणि वैमानिकाच्या समोरची घड्याळं यांच्या मधोमध बसवलेली आहे. पेट्रोल किती उरलं हे सांगायला टाकीच्या झाकणातून एक तार वर डोकावते. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगता तुकडा असतो. पातळी उतरेल तशी तार आत जाते. ब्रिटिश टायगर मॉथची १९ गॅलनची टाकी वरच्या दोन पंखांच्या मधल्या भागात, थेट डोक्यावर बसते आणि पेट्रोल गुरुत्वाकर्षणानेच इंजिनात उतरतं. ना पंप, ना वीज. रचना इतकी साधी की बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही. उरते ती पत्र्याची टाकी.

या टाक्या कशाच्या करत? त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन विमानांत शिसं आणि थोडं कथील यांचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा वापरत. पत्रा कापायचा, कडा दुमडून एकमेकींत अडकवायच्या आणि जोडावर डाख द्यायचा. पुण्याच्या वाचकाला यात नवीन काहीच वाटणार नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेचा पत्रा ठोकला जातो आहे. मठारकामाचा तो एका लयीतला आवाज गल्लीच्या तोंडाशीच कानावर येतो. कल्हईवाला भांडं तापवतो, चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवली की काळवंडलेलं पितळ चांदीसारखं उजळतं. नवसागर तिथे धातूवरचा मळ खातो, म्हणून कथील धरतं. टाकीच्या डाखालाही असाच मळ खाणारा पदार्थ, म्हणजे फ्लक्स, लागतो. काम झाल्यावर तो धुऊन काढला नाही, तर पुढे तोच पदार्थ पत्रा खायला लागतो. बऱ्याच गळक्या टाक्यांचा आजार मुळात असा असतो: कुणीतरी केव्हातरी डाख दिला आणि धुवायचं राहून गेलं. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगचंही तेच. तिथला फ्लक्स तर आणखी उग्र असतो.

दुसरं कारण पाणी. अर्धी भरलेली टाकी रात्री थंड पडली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड. एक लिटर विमानाचं पेट्रोल जेमतेम ७२० ग्रॅम भरतं. म्हणून पाणी टाकीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि तिथला मुलामा कुरतडत राहतं. पुण्याचा पावसाळा आणि हँगरमध्ये महिनोन्‌महिने उभं विमान ही जोडी टाकीला घातकच. तिसरं कारण थरथर. इंजिनाची कंपनं टाकीला बांधणाऱ्या पट्ट्यांतून जोडापर्यंत पोहोचतात आणि हजारो तासांनंतर केसाएवढी चीर पडते. बघायला गेलं तर दिसतही नाही, निळा डाग पडतो तेव्हाच कळतं.

आता आपल्या विमानाकडे येऊ.

कोल्हापूरच्या मातीतले डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८ चा, जर्मनीत ग्यॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली शिकले आणि भारतात परतून बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानं रेखाटू लागले. १९४१ मध्ये दहा जणांचं ग्लायडर, १९५१ च्या ऑगस्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान, आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी आकाशात झेपावलेलं पुष्पक. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढंसं, वर पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, पुढे ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. अमेरिकेच्या एरोन्का चीफशी त्याचं साम्य उघड आहे आणि ते लपवण्याचं कारणही नाही. फ्लाइंग क्लबांना परवडेल, शिकाऊ पोराच्या चुका सोसेल असं विमान देशाला हवं होतं आणि घाटग्यांनी ते दिलं. सुमारे दीडशे पुष्पकं बनली. एका पिढीच्या वैमानिकांनी त्यांवर पहिलं एकट्याचं उड्डाण केलं. घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव आज महाराष्ट्रातल्या किती शाळकरी मुलांना माहीत असेल, हा प्रश्न टोचणारा आहे.

पुष्पकासारखं विमान पुन्हा उडवायचं ठरवलं तर पहिली अडचण इंजिनाची येत नाही. काँटिनेंटलचे सुटे भाग जगात आजही मिळतात. सांगाडा तपासता येतो, कापड नवं चढवता येतं. टाकी मात्र त्या विमानाची तीच. त्या मापाची, त्या वळणाची टाकी कुठल्या दुकानात टांगलेली नसते. मग मालकासमोर तीन वाटा उरतात, आणि त्यांतली सर्वांत सोपी सर्वांत वाईट आहे.

ती म्हणजे आतून लेप देणं. टाकीत पातळ रबरी द्रव ओतायचा, टाकी उलटीसुलटी घुमवायची, उरलेला ओतून टाकायचा, आणि वाळल्यावर आत एक कातडी तयार होते. काही वर्षं गळती थांबते. पुढे पेट्रोलमधल्या घटकांनी लेप मऊ पडतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि टाकीच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. म्हणजे बाहेर गळती नाही आणि इंजिनाला पेट्रोलही नाही, तेही बहुधा उड्डाण घेतानाच. ज्या पत्र्याला भोक पडलं तो आतून सडलेलाच असतो. लेपाने त्याचं सडणं थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं.

इथेनॉलची भर पडल्यापासून हा धोका वाढला आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशात मिळू लागलं. उसाच्या महाराष्ट्राला त्यातला फायदा ठाऊकच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुने लेप, जुनी रबरं, बुचाच्या तरंगत्या तुकड्यावरचं जुनं रोगण विरघळवतं. नाना पेठेत जुन्या स्कूटरचे भाग शोधत फिरणाऱ्यांना याचा अनुभव नवा नाही. स्कूटर फार तर रस्त्याच्या कडेला बंद पडेल. विमानाला रस्त्याची कडा नसते. म्हणून विमानात निळंच पेट्रोल हवं, आणि त्यासाठी आता पूर्वीसारखं परदेशाकडे बघत बसायचीही गरज नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत तयार केलेलं १०० एलएल बाजारात आणलं आणि जानेवारी २०२३ मध्ये न्हावा-शेवा बंदरातून ते पापुआ न्यू गिनीला निर्यातही झालं.

दुसरी वाट जुनी टाकी दुरुस्त करण्याची. इथे घाईला जागा नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, हे नवख्याला पटत नाही. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी दडून राहते. म्हणून टाकी उतरवायची, निथळायची, पाण्याच्या वाफेने किंवा निष्क्रिय वायूने धुऊन काढायची, मगच डाखाची कांडी हातात घ्यायची. स्कूटरची टाकी झाळण्याआधी गल्लीतला कारागीर ती पाण्याने काठोकाठ भरतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

पुढे परीक्षा. सगळी तोंडं बंद करून आत हलकीशी हवा भरतात आणि जोडांवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा फुगला की भोक तिथेच. दाब फार नको, टाकीच फुगून फाटेल. अमेरिकन नियमांत साध्या धातूच्या टाकीने प्रत्येक चौरस इंचाला साडेतीन पौंड दाब सोसला पाहिजे असं म्हटलं आहे. सायकलच्या चाकातल्या हवेच्या मानाने हे किती थोडं! पाण्याच्या उभ्या नळीत मोजलं तर जेमतेम अडीच मीटर.

सेसनाच्या बऱ्याच विमानांत धातूऐवजी रबरी पिशव्या आहेत. त्यांचं दुखणं निराळं. पिशवी नीट ताणून बसली नाही तर तळाला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीआड पाणी अडून राहतं. उड्डाणापूर्वी तळाचं बूच उघडून पाहिलं तर स्वच्छ पेट्रोल येतं आणि पाणी सुरकुतीमागेच राहतं. अमेरिकेच्या विमान नियामकाला १९८४ मध्ये या सुरकुत्यांच्या तपासणीची सक्ती करावी लागली.

तिसरी वाट नव्या टाकीची, आणि पत्रा आतून खाल्ला गेला असेल तर खरी वाट हीच. जुनी टाकी जपून उघडायची, तिचाच नमुना धरायचा आणि त्याच जाडीच्या पत्र्यातून तसाच नवा डबा उभा करायचा. आतले आडवे पडदे विसरायचे नाहीत. विमान वळताना पेट्रोल एका बाजूला उसळू नये म्हणून ते असतात आणि त्यांना हवेसाठी भोकंही असावी लागतात. हे हाताचं काम करणारी माणसं पुण्यात आहेत. जिथे चारचाकी, दुचाकी, इंजिनं आणि यंत्रं बनतात, त्या शहरात पत्र्याचा कसबी कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही. मात्र कारागिराने केलेली टाकी विमानात बसवायला कागद लागतात. मूळ नकाशा, पत्र्याचा दाखला, परवानाधारक अभियंत्याची सही, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता. ही कटकट वाटते, पण ती हवीच. मान्यता सुटली तर टाकीची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. दुखणं एवढंच की जुन्या विमानांचे नकाशे मिळत नाहीत आणि नकाशाअभावी चांगली विमानं हँगरच्या कोपऱ्यात सडतात.

अशक्य मात्र काही नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा अहमदाबादेत त्यांचं पेट्रोल चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आलं होतं. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. ही विमानं १९३३ ते १९३६ या काळातच बनली, म्हणजे ते विमान किमान ४६ वर्षांचं होतं. अरबी समुद्राचा किनारा धरून जाताना त्याची टाकी भरवशाची आहे, हे कुणीतरी हाताने चाचपून, सही करून सांगितलेलं होतं. हवाई दलाने आपलं टायगर मॉथ इंग्लंडमधल्या कारखान्यात दुरुस्त करून घेतलं आणि ८ ऑक्टोबर २०१२ च्या वायुसेना दिनी ते हिंडनच्या हवाई तळावर उडालं. त्यासाठी परदेशी जावं लागलं, ही गोष्ट मात्र मनाला लागते.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर गेलेल्या पुणेकराने टाकी नसलेलं विमान पाहिलेलं असतं. विंचने ओढून वर गेलेलं ते पांढरं ग्लायडर वारा धरून उतरतं. इंजिन नाही, पेट्रोल नाही, गळतीची चिंता नाही. तिथे मान वर करून पाहणाऱ्या मुलांना, पोलादी नळ्यांवर कापड ताणलेलं आणि कोल्हापूरच्या माणसाने रेखाटलेलं पुष्पकही उडताना दिसावं.

यासाठी वाचकांकडे एक मागणं आहे. आपल्या घरात, फ्लाइंग क्लबच्या माळ्यावर किंवा निवृत्त एअरक्राफ्ट इंजिनिअरच्या ट्रंकेत पुष्पक, एचटी-२ किंवा कृषक विमानांचे नकाशे, देखभालीच्या वह्या, जुनी टाकी, टाकीचं नुसतं झाकण जरी असलं, तरी ते रद्दीत किंवा भंगारात देऊ नका. आधी बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयाला कळवा. नवी टाकी बनवायची तर हातात जुन्या टाकीचं माप असावं लागतं.