काचेचे सांधकाम

काचेचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून भट्टीत तापविले असता ते एकजीव होतात, ही गोष्ट फुंकनळीचा वापर सुरू होण्यापूर्वीच कारागिरांना ठाऊक होती. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या व पहिल्या शतकांत भूमध्य सागराच्या परिसरात रंगीत कांड्यांच्या चकत्या शेजारी शेजारी मांडून, त्या तापवून व साच्यावर वाकवून नक्षीदार वाडगे बनवीत असत. पुढे काच फुंकण्याची रीत आली. तिने भांडी झटपट व स्वस्त होऊ लागली, आणि सांधकाम मागे पडले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेला जे नवे जीवन लाभले, त्यात क्लाउस मोये यांचा वाटा मोठा आहे. १९३६ साली हॅम्बुर्ग येथे जन्मलेले मोये घरच्या कार्यशाळेत काच कापण्याचे व घासण्याचे काम शिकले. रंगीत कांड्यांचे तुकडे सांधून ते पात्रे घडवीत. परंतु भट्टीतून सुरेख निघालेले पात्र पुढे आपोआप तडकावे, असा अनुभव या क्षेत्रात नित्याचाच होता.

याचे कारण काचेच्या स्वभावात आहे. उकळता चहा ओतताच जाड पेला तडकतो, कारण त्याचा आतला भाग प्रसरण पावतो व बाहेरचा मागे राहतो. सांधलेल्या दोन काचा जर थंड होताना कमीअधिक आकुंचन पावल्या, तर हाच ताण त्यांच्यात कायमचा कोंडला जातो. दर अंश सेल्सिअसला एक काच दहा लाखांत ९ भागांनी व दुसरी ९.६ भागांनी आकुंचन पावते असे समजू. ५०० अंशांपासून २० अंशांपर्यंत निवताना ३० सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यांत पडणारा फरक एक दशांश मिलिमीटरहूनही कमी भरतो. डोळ्यांना तो दिसणारही नाही. काच मात्र तो सहन करीत नाही. शिवाय हा आकडा जुळला म्हणजे काम भागले असेही नाही. तापलेल्या काचेचा घट्टपणा कसकसा वाढत जातो, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

१९७९ मध्ये मोये अमेरिकेतील पिलचक येथील काचशाळेत शिकविण्यास गेले. तेथे पोर्टलंडच्या बुल्सआय कारखान्याशी त्यांचा संबंध आला. एकमेकींशी जुळतील अशा नाना रंगांच्या काचा या कारखान्याने पुढे तयार केल्या आणि कलावंतांच्या हाती जणू रंगपेटीच आली. १९८२ मध्ये मोये यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा कलाशाळेत काचविभाग उभारला.

या विद्येचे शिक्षण चाचणीपासून सुरू होते. पारदर्शक काचेच्या पट्टीवर निरनिराळ्या काचांचे बारीक तुकडे सांधतात व ती पट्टी दोन ध्रुवक पडद्यांमध्ये धरून पाहतात. तुकड्याभोवती उजेडाचे वलय दिसले, तर तेथे ताण आहे असे जाणावे. मग तापमानाचा अभ्यास. सुमारे ७५० अंशांना तुकडे केवळ चिकटतात, त्यांच्या कडा उठून दिसतात. ८०० अंशांच्या वर ते सपाट एकजीव होतात. वितळलेल्या काचेचा ओढा सहा मिलिमीटर जाडीकडे असतो. थर त्याहून पातळ असेल तर तो कडांनी आत ओढला जातो, जाड असेल तर पसरतो. नवशिक्याचा चौकोन बेढब होतो तो बहुधा यामुळेच.

प्रगत काम याच्या पुढचे. सांधलेला तक्ता पुन्हा कापावयाचा, पट्ट्या उभ्या करून नव्याने मांडावयाच्या, पुन्हा सांधावयाच्या, साच्यात वाकवावयाच्या आणि अखेर पृष्ठभाग घासून झळाळी कमी करावयाची. मोये यांच्या पात्रांतील रंग विणलेल्या वस्त्रासारखे भासतात ते या खटाटोपामुळे.

प्रत्येक खेपेस तापानुशीतन, म्हणजे काच ठरावीक तापमानाला रोखून मग सावकाश निवविणे, अटळ असते. जाडी दुप्पट झाली की निवविण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. पातळ तबकडीला एक रात्र पुरते. जाड ठोकळ्यासाठी भट्टीचे दार कित्येक दिवस बंद ठेवावे लागते.