हवाईतला फुकटचा हनिमून आणि एक अवघड प्रश्न : ‘द अनहनिमूनर्स’ वाटते तितकी हलकीफुलकी का नाही?

समुद्रकिनारा, फुकटचा हनिमून आणि एकमेकांचं तोंडही बघायची इच्छा नसलेले दोघं. ‘द अनहनिमूनर्स’ची एवढीच ओळख ऐकली, तर ही सुट्टीत वाचायची आणि विसरून जायची कादंबरी वाटते. २०१९ मध्ये आलेलं हे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेलं आणि सोशल मीडियावरचे वाचक आजही ते एकमेकांना सुचवतात. पण शेवटच्या भागात ही गोष्ट असं वळण घेते की हसत हसत वाचणारा माणूस एकदम गप्प होतो.

(पुढे कथेतली मुख्य वळणं सांगितली आहेत.)

लेखिका एक की दोन?

पुस्तकावर नाव आहे क्रिस्टिना लॉरेन. प्रत्यक्षात या दोन मैत्रिणी आहेत, क्रिस्टिना हॉब्स आणि लॉरेन बिलिंग्ज. ‘ट्वायलाइट’च्या फॅन फिक्शनच्या जगात दोघींची ओळख झाली आणि पुढे त्या एकत्र लिहायला लागल्या.

गोष्ट काय आहे?

ऑलिव्ह आणि अ‍ॅमी टॉरेस या मिनियापोलिसमधल्या जुळ्या बहिणी. अ‍ॅमी कमालीची नशीबवान. स्पर्धा आणि लकी ड्रॉ जिंकून तिने आपलं लग्नच जवळपास फुकटात उरकलंय. ऑलिव्ह मात्र स्वतःला कायमची कमनशिबी समजते.

लग्नाच्या जेवणातल्या माशांमुळे नवरा-नवरीसकट जवळपास सगळ्यांना विषबाधा होते. ऑलिव्हला सीफूडची अ‍ॅलर्जी आहे आणि नवरदेव डेनचा भाऊ ईथन बुफेचं जेवत नाही, म्हणून हे दोघं तेवढे वाचतात. बक्षीस मिळालेली हवाईतल्या माउई बेटाची हनिमून ट्रिप वाया जाऊ नये म्हणून दोघं नवरा-बायको असल्याचं नाटक करत तिथे जातात.

मराठी नात्यांत सांगायचं तर ही बहिणीच्या दिराबरोबरची प्रेमकथा. ‘हम आपके हैं कौन’ पाहिलेल्यांना हे नातं वेगळं समजावून सांगायला नको.

माशांमुळे खरंच इतकी मोठी विषबाधा होते?

हो. कादंबरीतल्या विषबाधेचं नाव आहे सिग्वाटेरा. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांवर वाढणारे काही सूक्ष्म जीव हे विष तयार करतात. लहान मासे ते खातात, त्यांना मोठे मासे खातात आणि विष साठत जातं. माशाची चव किंवा वास बदलत नाही आणि शिजवूनही विष जात नाही. उलट्या-जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात, काही जणांना तर थंड वस्तूला हात लावला तरी चटका बसल्यासारखं वाटतं.

मग गोष्ट गंभीर कुठे होते?

बेटावर ऑलिव्ह आणि ईथन पहिल्यांदाच नीट बोलतात, तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्यातला दुरावा मुख्यतः डेनने वाढवला होता. त्याने ईथनच्या मनात ऑलिव्हविषयी चुकीचं चित्र उभं केलं होतं. शिवाय साखरपुड्याआधी डेन इतर मुलींनाही भेटत होता. अ‍ॅमीला ते ठाऊक असेल असं ईथन धरून चालला होता, पण तिला त्याचा पत्ताच नव्हता.

सगळे घरी परततात आणि डेन ऑलिव्हशीच लगट करू पाहतो. ती ईथनला सांगते. तो म्हणतो, तुझा गैरसमज झाला असेल. ती बहिणीला सांगते. तीही ऐकून घेत नाही, कारण ‘ऑलिव्हला सगळ्यांत वाईटच दिसतं’ असा तिच्यावर आधीच शिक्का बसलेला आहे. त्याच सुमारास बेटावरचं खोटं नवीन बॉससमोर कबूल केल्यामुळे तिची नोकरीही गेलेली असते.

या वळणात वेगळं काय?

रोमान्स कादंबरीत शेवटाकडे नायक-नायिका वेगळे होणं हे ठरलेलंच. बहुतेक वेळा कारण फुटकळ गैरसमजाचं असतं आणि दोन वाक्यं बोलली असती तर तो मिटला असता असं वाटतं. इथे ऑलिव्ह बोलते, अगदी स्पष्ट बोलते. तरी उपयोग होत नाही.

जवळजवळ सगळी गोष्ट तिच्याच तोंडून येते, त्यामुळे ती खरं बोलतेय हे वाचकाला माहीत असतं. म्हणून ईथनचा राग येतो. पण ईथन दुष्ट नाही. त्याच्यापुढे ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ अशी स्थिती आहे. भावावर विश्वास ठेवणं त्याला सोपं वाटतं, कारण ऑलिव्हचं खरं मानलं तर सगळं घरच हलणार असतं. बाईचं म्हणणं नाकारलं जातं तेव्हा दरवेळी समोर खलनायकच असतो असं नाही. अनेकदा तिच्यावर प्रेम करणारी माणसंच असतात.

शेवट गोड होतो का?

होतो, रोमान्सचा तो नियमच आहे. अ‍ॅमी स्वतः शहानिशा करते, डेनचं खरं रूप उघडं पडतं आणि ईथन माफी मागतो. त्याला ती फार लवकर मिळते का, यावर वाद होऊ शकतो. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ईथनला खात्री पटली ती पुरावा समोर आल्यावर, आणि ऑलिव्हला विश्वास हवा होता तो त्याच्याआधी.